दिल्लीआधी गल्ली

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, मला बोलायला विषय दिलाय, ‘स्थानिक आणि राज्याचं राजकारण सामान्य नागरिकाला का महत्त्वाचं?’ मी राजकारणी नाही, राज्यशास्त्राचा प्राध्यापकही नाही. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यामुळे मोठे सिद्धान्त माझ्याकडे नाहीत. आपलं कोणतं काम कोणाच्या टेबलावर होतं आणि त्या टेबलापर्यंत आपण पोहोचतो का, एवढंच आज बघू.

सुरुवातीला चार प्रश्न विचारतो. उत्तरं मनातल्या मनात द्या. देशाचे गृहमंत्री कोण? सगळ्यांना येतं. तुमच्या प्रभागाचा क्रमांक काय? तुमच्या नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं यंदाचं अंदाजपत्रक किती रुपयांचं आहे? मोहल्ल्यातल्या सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कोण कोण आहे? बहुतेक जण पहिल्या प्रश्नानंतर गप्प झालेले दिसताय. पहिल्याचं उत्तर येणं चांगलंच आहे. पण तुमच्या नळाला पाणी किती वाजता येणार, हे गृहमंत्री ठरवत नाहीत.

आमच्या धंद्यात एखादी गोष्ट बंद पडली की पहिला प्रश्न असतो, बिघाड कुठल्या थरात आहे? गिऱ्हाइकाला तो स्क्रीनवर दिसतो, पण मूळ कुठेतरी खाली डेटाबेसमध्ये असतं. तक्रार चुकीच्या टीमकडे गेली तर ती महिनाभर इकडून तिकडे फिरते. सगळे मेहनत करत असतात, सगळे चिडलेले असतात आणि काम तिथंच असतं. आपल्या समाजाच्या राजकीय चर्चेचं मला बरेचदा असंच वाटतं. राग खरा आहे, दुखणंही खरं आहे, फक्त अर्ज चुकीच्या खिडकीवर पडलाय.

कुठली खिडकी कोणाची

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांच्या तीन याद्या आहेत. एक केंद्राची, एक राज्याची आणि एक दोघांची मिळून. राज्याची यादी काढून बघा. पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची, दुसरी पोलिसांची. पाचवी स्थानिक स्वराज्य संस्थांची. सहावी सार्वजनिक आरोग्य आणि दवाखान्यांची. दहावी नोंद दफन आणि दफनभूमी, दहन आणि दहनभूमी. सतरावी पाण्याची, अठरावी जमिनीची. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं दोघांच्या यादीत गेलं, तरी शिक्षकांची भरती आणि शाळांचं रोजचं चालणं राज्याच्याच हातात राहिलं.

मग १९९२ मध्ये त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली. तिनं ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा दिली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८. त्या अठरांमध्ये पाणीपुरवठा, रस्ते, पथदिवे, झोपडपट्टी सुधारणा, बागा, कत्तलखाने आहेत. जन्म-मृत्यूची नोंद आहे आणि दफनभूमीही आहे. म्हणजे माणूस जन्मल्याचा कागद आणि मेल्यावरची दोन गज जमीन, दोन्ही एकाच इमारतीतून मिळतात. त्या इमारतीत निवडून कोण बसतं याच्याशी आपला संबंध नाही, असं कसं म्हणता येईल?

कागदाचंच बघा. आपल्या घरांत कागदांची काळजी किती वाढली आहे हे मी सांगायला नको. एका दाखल्यावर ‘शेख’ आधी, दुसऱ्यावर नंतर. शाळेत ‘अब्दुल’, आधारवर ‘अब्दूल’. यावर व्हॉट्सॲपवर रात्र-रात्र चर्चा होते, पण जन्मनोंदीतली दुरुस्ती ज्या निबंधकाकडे होते, तो ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत बसतो. वर्षापेक्षा जास्त उशिरानं नोंद करायची असेल तर महसुली अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि तो अधिकारी राज्य सरकारचा असतो. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं असे उशिराचे दाखले देणं थांबवलं, पुढे त्याची कार्यपद्धती बदलली. तेव्हा मालेगावपासून विदर्भापर्यंत अनेक कुटुंबांची झोप उडाली. हा निर्णय मुंबईत मंत्रालयात झाला होता, संसदेत नव्हे.

ओबीसीच्या दाखल्याचंही तेच. आपल्यातल्या मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. ही यादी राज्याची. दाखला देतात ते प्रांत अधिकारी राज्याचे. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, ही अटही राज्याची. पडताळणी करणारी जिल्हा समितीही राज्याची. बारावीनंतर प्रवेशाच्या तोंडावर पडताळणीसाठी धावाधाव करणारी मुलं दरवर्षी दिसतात. आजोबांचा शाळेचा दाखला आठवीतच शोधून ठेवला तर निम्मं काम तिथंच होतं. हे सांगणारं माणूस मोहल्ल्यात असणं, यालासुद्धा मी राजकारणच म्हणतो.

पगाराच्या पावतीतले दोनशे रुपये

तुमच्यातल्या ज्यांना नोकरी लागली आहे त्यांनी पगाराची पावती उघडावी. त्यात ‘व्यवसाय कर’ असा रकाना दिसेल. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. आमच्या ऑफिसात सगळ्यांना आयकर कसा वाचवायचा हे पाठ असतं, पण हे दोनशे कुठं जातात असं कोणी विचारत नाही.

हा कर राज्याचा आहे. १९७२ चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. लाखो माणसं खडी फोडायला गेली होती. त्या काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी योजना उभी केली. कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि योजना उभी राहण्याआधी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी या कल्पनेचा प्रयोग करून पाहिला होता. गावातल्या माणसानं काम मागितलं तर सरकारनं ते द्यायचं, इतकी साधी गोष्ट. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, त्यातून गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळायचं. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला. पुढे २००५ मध्ये दिल्लीनं साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचा होता.

म्हणजे गोष्ट तासगावातून निघाली, मुंबईला गेली आणि तिथून दिल्लीला पोहोचली. आपल्याला नेहमी वाटतं की सगळं वरून खाली येतं. बरंच काही खालून वर जातं.

अलीकडचं उदाहरण घ्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, कुंकू पुसणं या प्रथा गावात बंद. शिरोळ तालुक्यातलं एक गाव. दोनेक आठवड्यांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाच्या ठरावात एवढी ताकद असते.

निराधार बाईला महिन्याला पैसे देणारी संजय गांधी निराधार योजना १९८० ची. तेव्हा मुख्यमंत्री होते रायगडचे बॅरिस्टर अंतुले. चाळीस वर्षांहून जास्त काळ ती चालू आहे. तिचा अर्ज तहसील कचेरीत जातो आणि तालुक्याच्या समितीपुढे येतो. तुमच्या गल्लीत किती विधवा, किती अपंग माणसं आहेत आणि त्यातल्या किती जणांचा अर्ज गेलाय? हा प्रश्न टीव्हीवर कधी विचारला जाणार नाही. तो तुम्हालाच विचारावा लागेल.

विधिमंडळात काय जगतं, काय मरतं

राज्याच्या पातळीवर एखादी गोष्ट कशी जन्मते आणि कशी संपते, याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं २०१४ चं. जुलै महिन्यात तेव्हाच्या राज्य सरकारनं अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकऱ्यांमधल्या आरक्षणालाही दिली, पण शिक्षणातले ५ टक्के त्या टप्प्यावर चालू ठेवले. मग ते गेले कुठं? अध्यादेश म्हणजे तात्पुरती सोय. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. मधल्या काळात निवडणूक झाली, सरकार बदललं, कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. तुम्ही या आरक्षणाच्या बाजूनं असा की विरोधात, यातला कायद्याचा भाग समजून घ्या. न्यायालयानं शिक्षणापुरतं जे ठेवलं होतं, ते विधिमंडळात कोणी पुढे न नेल्यामुळे गेलं. ते सहा आठवडे आपल्यातल्या किती जणांनी आपल्या आमदाराला फोन केला असेल? अध्यादेशाची मुदत असते हे तरी किती जणांना ठाऊक होतं?

दुसरं उदाहरण २०२४ चं, आणि ते धीर देणारं आहे. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट. शहरांत एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही असं ठिकाण शोधून सापडणार नाही. म्हणजे खासगी शाळेतल्या त्या बहुतेक जागा हातच्या जाणार होत्या. लोक उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि जुलैमध्ये न्यायालयानं तो बदल रद्द केला. रिक्षा चालवणाऱ्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाची जागा वाचली. त्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं होती. नियम कोणी बदलला, कुठं बदलला हे वेळेत कळलं म्हणून लढता आलं.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांना विजेत किती सवलत, हे राज्याचं वस्त्रोद्योग धोरण ठरवतं. वक्फचा कायदा संसदेत होतो, पण वक्फ मंडळ राज्य सरकार नेमतं. म्हणून दिल्ली महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. दिल्लीतले कायदे आपल्या घरात येतात, कधी कधी दार न वाजवता येतात. मुद्दा इतकाच की दिल्लीतल्या निर्णयाचासुद्धा शेवटचा टेबल तालुक्यात असतो.

एका मताचं वजन

लोकसभेला लाखो मतं मोजली जातात. त्यात आपलं एक मत कुठं बुडालं हे कळत नाही. आता फेब्रुवारी २०१७ ची मुंबई महानगरपालिकेची निवडणूक आठवा. प्रभाग क्रमांक २२० मध्ये दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली, प्रत्येकी ५,९४६. फेरमोजणीनंतरही निकाल लागेना. शेवटी चिठ्ठी टाकावी लागली. आणि त्या वेळी सगळ्या मुंबईचा हिशेब कसा होता? २२७ जागांपैकी शिवसेनेला ८४, भाजपला ८२. एकेका जागेसाठी जीव टांगणीला लागला असताना एक जागा चिठ्ठीवर ठरली. त्या दिवशी ‘माझ्या एका मतानं काय होतंय’ म्हणून घरी बसलेला त्या प्रभागातला मतदार पुढची पाच वर्षं काय म्हणत असेल, कल्पना करा.

हे छोटं काम आहे असंही समजू नका. २०२५-२६ चं मुंबई महानगरपालिकेचं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचं होतं. देशातल्या काही राज्यांचं अंदाजपत्रक याहून लहान असतं. आणि मतदान? २०१२ मध्ये साधारण ४५ टक्के, २०१७ मध्ये साधारण ५५. चांगल्या वर्षीही दर शंभरांतले ४५ जण घरी.

निवडून आलेली माणसंच नसतील तर काय होतं, तेही आपण पाहिलं. पालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं घटना सांगते. तरीही मुंबई आणि पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, त्याआधीच एप्रिल २०२० मध्ये संपली होती. आरक्षणाचा प्रश्न, प्रभागांची रचना, न्यायालयातल्या तारखा यांत वर्षं गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या असं बजावल्यावर चाकं हलली. मधल्या काळात गटार तुंबलं तर जाब कोणाला विचारायचा? अधिकारी बदली होऊन जातो, त्याला मत मागायला परत यायचं नसतं. नगरसेवक कितीही वाईट असला तरी त्याला परत आपल्या दारात यावं लागतं. लोकशाहीची सगळी गंमत त्या परत येण्यात आहे.

प्रभागाची रचनासुद्धा कोण ठरवतं बघा. मुंबईत एका प्रभागातून एक नगरसेवक. पुण्यात २०१२ मध्ये एका प्रभागातून दोन होते, २०१७ मध्ये चार झाले. चार असले की प्रभाग मोठा होतो, छोट्या वस्तीचं मत त्यात विरघळतं आणि काम कोणाचं यावर चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. हे एक, दोन की चार, ते राज्याचं विधिमंडळ ठरवतं. म्हणजे तुमच्या गल्लीच्या राजकारणाची चौकट विधानसभेत आखली जाते. प्रारूप रचना जाहीर झाली की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. पक्षांचे लोक त्या देतात. आपण निकालानंतर नकाशा बघतो.

‘सगळे सारखेच’ यावर

तुमच्या मनात काय येतंय ते मला कळतं. सगळे सारखेच, निवडणुकीला येतात, बिर्याणी खाऊन जातात, आमची मतं घेतात आणि आम्हालाच विसरतात. यात खोटं काही नाही. पण आपण मागतो काय, तेही बघू. निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस आपली मागणी काय असते? कबरस्तानाची भिंत, मशिदीसमोरचे पेव्हर ब्लॉक, एका जलशाला वर्गणी. उमेदवार खुशीनं देतो, कारण ते स्वस्त पडतं. पाच वर्षांचं पाणी, शाळेतले शिक्षक, प्रसूतिगृहातली डॉक्टर यांच्या मानानं भिंत फार स्वस्त आहे.

कबरस्तान लागतंच, त्याची मागणी करायलाच हवी. पण ती कुठं करायची? शहराच्या विकास आराखड्यात. जमीन कशासाठी राखून ठेवायची, शाळा, दवाखाना, मैदान, दफनभूमी, हे त्या आराखड्यात ठरतं. प्रारूप जाहीर झालं की हरकतींसाठी ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत कोणी गेलं नाही तर पुढची वीस वर्षं मोर्चे काढावे लागतात. आणि हरकतींचा उपयोग होतो. मुंबईचा विकास आराखडा २०१५ मध्ये जाहीर झाला तेव्हा लोकांनी हजारो हरकती टाकल्या. चर्चपासून चाळीपर्यंत सगळे बोलले. सरकारला तो मागे घ्यावा लागला, नवीन प्रारूप करावं लागलं आणि अंतिम मंजुरी २०१८ मध्ये मिळाली.

आणखी साधनं आहेत. पुणे महानगरपालिकेत २००६ पासून नागरिक आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात, क्षेत्रीय कार्यालयात एक अर्ज द्यायचा असतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तर तीस दिवसांत. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्येच झाला होता, देशाच्या आधी. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सांगतो की दाखल्याच्या अर्जाची पोच द्यायची आणि ठरलेल्या दिवसांत काम करायचं. झालं नाही तर दोन अपिलं, त्यानंतर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. उर्दू शाळेला शिक्षक नाहीत ही आपली जुनी तक्रार आहे. त्या समितीनं ठराव करून रिक्त जागांचा आकडा लेखी पाठवला तर तक्रारीचा कागद होतो. कागदाला आवक क्रमांक मिळतो. आवक क्रमांक असलेल्या गोष्टीचा पाठपुरावा करता येतो, नुसत्या कुरकुरीचा करता येत नाही.

शेजारी की ‘विषय’

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. टीव्हीच्या पडद्यावर आपण माणसं नसतो, आपण एक ‘विषय’ असतो. आपल्याविषयी बोललं जातं. त्याचा थकवा मला कळतो. अनेक हुशार मुलं या थकव्यापायी राजकारणापासूनच दूर गेली आहेत. पण प्रभागात मी विषय नसतो. तिथं मी अमुक गल्लीतला करदाता असतो आणि माझं आणि पलीकडच्या जोशीकाकांचं गटार एकच असतं. गटार तुंबलं की पाणी नाव विचारून घरात शिरत नाही. या पातळीवर एकत्र काम करण्याची सवय लागली तर वाईट दिवसांत ती कामाला येते.

हे मी हवेत बोलत नाही. भिवंडीचं उदाहरण आहे. १९७० आणि १९८४ मध्ये तिथं भीषण दंगली झाल्या. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांतले साधे लोक एकत्र बसायचे आणि कमिटीची जबाबदारी एखाद्या पोलीस कर्मचाऱ्याकडे असायची. विषय काय असायचे? नळाची भांडणं, मिरवणुकीचा रस्ता, पोरापोरांची मारामारी. कुठली ठिणगी कुठं पडते आहे हे आधी कळायचं, आणि माणसं एकमेकांना नावानं ओळखायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. तिच्या शेजारची, दंगलींचा इतिहास असलेली भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईनंही हा धडा घेतला, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, सतीश साहनी यांच्या पुढाकारानं तिथं मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली.

भिवंडीत त्या वेळी जे उपयोगी पडलं ते चार वर्षं खपून गल्लीत तयार झालं होतं. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही, हे आपल्या म्हाताऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून मला वाटतं, आपण सुरक्षित आहोत की नाही याचं अर्धं उत्तर पोलीस खात्यात असतं, जे राज्याचं आहे, आणि उरलेलं आपल्या शेजारात असतं, जो आपण घडवायचा आहे.

उद्यापासून काय

भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जाऊ नका, चार कामं घेऊन जा.

एक, मतदार यादीत आपलं नाव तपासा. पालिका आणि पंचायतीच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात आणि ठरावीक तारखेला यादी गोठते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावून उपयोग नाही. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता किंवा नाव दुरुस्तीसाठी फॉर्म ८. घरातल्या बहिणीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली असेल तर तिचंही नाव बघा, आपल्याकडे सर्वांत जास्त नावं तिथंच गळतात.

दोन, एक बैठक गाठा. गावात असाल तर ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ती होते. घरकुलाच्या यादीपासून पाणी योजनेपर्यंतचे प्रश्न तिथं मांडता येतात. पहिल्या वेळी नुसतं बसा आणि ऐका. दुसऱ्या वेळी एक प्रश्न विचारा, भाषण करू नका.

तीन, एक कागद वाचा. आपल्या पालिकेचं अंदाजपत्रक. जाड असतं, कंटाळवाणं असतं. आपल्या प्रभागाचं नाव शोधा आणि त्यापुढचा आकडा वहीत लिहा. वर्षाच्या शेवटी जाऊन बघा, काम झालं का. आपल्यात इतके इंजिनिअर, इतके अकाउंटंट, इतके वकील झालेत. पहिल्या पिढीचं शिक्षण नोकरीसाठी होतं, ते योग्यच होतं. आता त्यातले महिन्याचे दोन तास मोहल्ल्याला द्या.

चार, हे मुलींसाठी. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. निवडणूक लढवायला वय लागतं २१. अनेक ठिकाणी जागा बाईची असते आणि खुर्चीत नवरा बसतो, हे आपण सगळे जाणतो. ज्या घरात मुलीला ग्रामसभेत बोलू देत नाहीत, त्या घरातून चांगली नगरसेविका कशी येणार? मुलग्यांनो, बहिणीला बैठकीला घेऊन जा. ती बोलत असेल तेव्हा मध्ये बोलू नका.

एक विनंती करून थांबतो. बैठकीला जाल तेव्हा फक्त ‘आपला’ प्रश्न घेऊन जाऊ नका. पलीकडच्या वस्तीत पाण्याचा टँकर येत नसेल तर तो प्रश्नही तुम्ही मांडा. आपल्या प्रश्नावर बोलायला मग तेही उभे राहतील, आणि नाही राहिले तरी टँकर तर सुरू होईल.

येत्या रविवारपर्यंत निदान आपल्या प्रभागाचा क्रमांक शोधून ठेवा. पुढच्या वर्गात मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.